प्रायव्हेट नंबर

फोन स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा केलेला आहे. ही मामीची युक्ती. पाच वाजून दहा मिनिटांनी तो वाजतो तेव्हा पातेल्यासकट वाजतो. ओट्यावरचा चमचासुद्धा थरथरतो.

"वाजला की!" मामी पदराला हात पुसत म्हणते. "तीन दिवस सकाळी नुसता मेल्यागत पडून होता."

मी पडद्यावरचं 'घेतली' दाबतो. आवाज थांबतो. गोळीची वेळ खरी आठची. वाजतो की नाही ते बघायला मी ती पाच-दहावर आणली होती. आता ती परत आठवर नेऊन ठेवतो आणि मोठं काम उरकल्यासारखा चहाचा कप उचलतो.

बिघाड ॲपचा नव्हताच. फोनला बॅटरी वाचवायची हौस. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, बराच वेळ पडून राहिलेला फोन मागे चालू असलेल्या ॲपना झोपवायला लागतो. काही कंपन्या त्यावर आपली आणखी कात्री चालवतात. रात्रभर न हललेल्या फोनला सकाळी आठची गोळी म्हणजेही फालतू खर्च वाटतो. 'या ॲपला झोपवू नकोस' असं बजावण्याची सोय आहे, पण ती सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या घरात, मागच्या खोलीत. ज्या माणसाला गोळीचीसुद्धा आठवण करून द्यावी लागते, त्याने ती शोधून काढायची.

मामा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेत. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला आहे. ठेवलेला म्हणजे मामीने ठेवलेला. डाव्या मनगटावर चावीचं जुनं एचएमटी. त्याला चावी द्यायला दुसरा हात लागतो, म्हणून ती आता रोज सकाळी मामी देते.

"जमलं, मामा," मी म्हणतो.

मामा माझ्याकडे बघतात. "लाइन क्लियर."

आठ महिन्यांपूर्वी मामा पहाटे उठायला गेले आणि उजवीकडे कलंडले. झटका झोपेत कधी आला ते कुणालाच ठाऊक नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन एरवी साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि घड्याळ कुठून मोजायचं हेच डॉक्टरांना सांगता येईना. मेंदूची डावी बाजू गेली. तिच्याबरोबर उजवा हात, थोडा पाय, आणि बोलणं. कळतं सगळं. सांगायला जातात आणि तोंडातून येतं ते एकच, लाइन क्लियर. चहा हवा तरी तेच, नको तरी तेच, रागावले की तेच जरा मोठ्याने. पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे १८६१ साली असाच एक रुग्ण आला होता. तो काहीही विचारलं तरी 'टॅन' म्हणायचा. मामा निदान रेल्वेचं बोलतात.

छत्तीस वर्षं रेल्वेत काढली. किर्लोस्करवाडी, भिलवडी, ताकारी करत शेवटी मिरज जंक्शन. स्टेशन मास्तर. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लियर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे ज्याने हजारो वेळा म्हटलं, त्याच्या तोंडात नेमके तेच दोन शब्द शिल्लक राहावेत यात नवल नाही. फिजिओथेरपीला येणारी मुलगी म्हणते, फार घोटलेलं असं कधीकधी राहतं. शिव्या राहतात, आकडे राहतात, शुभं करोति राहतं.

मामी गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवते. बिस्किटांचा, झाकणाला रबर लावलेला. सकाळी रक्तदाबाची, रात्री कोलेस्टेरॉलची, जेवणानंतर साखरेची, आणि सकाळ-संध्याकाळ आठला ती मुख्य, रक्त पातळ ठेवणारी, अपिक्साबॅन पाच मिलिग्रॅम. मामांच्या हृदयाचा वरचा कप्पा मधूनमधून ताल सोडून नुसता थरथरतो. तिथे रक्त साचतं, साचलेल्याची गुठळी होते आणि एखादी सुटून मेंदूकडे जाते. ही गोळी ते होऊ देत नाही. पण तिचा असर टिकतो फार थोडा. बारा तासांत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. कोलेस्टेरॉलची एक रात्र चुकली तर फारसं बिघडत नाही, हिची चुकली की माणूस उघड्यावर पडतो. आणि चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नसतात, कारण मग रक्तस्रावाची भीती.

"हे आधी डॉक्टरांनी सांगितलं, मग ताईने, मग त्या ॲपने," मामी म्हणते. ताई म्हणजे माझी मामेबहीण, बंगळूरला असते. ॲप तिनेच घातलं. त्यात तिचं नाव 'काळजी घेणारी व्यक्ती' म्हणून आहे. आठची गोळी साडेआठपर्यंत घेतल्याची टिक पडली नाही तर तिकडे तिचा फोन कुरकुरतो. टिक पडली की हिरवी खूण.

"आणि तू कोण?" मी मामीला विचारतो.

"मी कोण असणार? मी पातेलं."

ती हसते, पण तिचं एक म्हणणं मला दिवसभर पुरतं. ॲपच्या आधी दिवसातून चार वेळा तीच 'गोळी, गोळी' करायची. मामा चिडायचे. बोलता येत नाही तेव्हा चिडणं फार वाईट दिसतं. चेहरा लाल होतो, डावा हात आपटतो, आणि एक गोळी घ्यायला अर्धा तास. "आता हा ओरडतो. ह्याच्यावर चिडतात. माझ्यावर नाही." ॲप बनवणाऱ्यांनी हा उपयोग कुठे लिहिला असेल असं वाटत नाही.

चिडण्यासारखं मात्र त्यात बरंच आहे. सुरुवातीचे पंधरा दिवस मामा रोज 'नंतर' दाबायचे. दहा मिनिटांनी परत वाजायचं, परत 'नंतर'. मामीला वाटलं हट्ट करतायत. ताईला वाटलं समजत नाही. मग फिजिओच्या मुलीने एक दिवस मामांच्या समोर बसून आपलं बोट डावीकडून उजवीकडे नेलं. नाकाच्या रेषेपलीकडे बोट गेलं की मामांची नजर ते सोडून द्यायची. झटक्याने दोन्ही डोळ्यांची उजवीकडची बाजू नेली होती. पडद्यावर 'नंतर' डावीकडे होतं आणि 'घेतली' उजवीकडे. त्यांना जे बटण दिसत होतं ते ते दाबत होते. तेव्हापासून फोन त्यांच्या डाव्या अंगाला, जरा लांब ठेवतात. इतक्यावर भागलं.

फोटोंचं मात्र भागलेलं नाही. वाचायला आता जड जातं म्हणून ताईने प्रत्येक गोळीचा फोटो ॲपमध्ये घातला. मागच्या महिन्यात दुकानदाराकडे ती कंपनी नव्हती, त्याने दुसरी दिली. औषध तेच, गोळी पिवळटऐवजी गुलाबी. मामांनी ती तीनदा हातातून खाली टाकली. फोटोत पिवळट, हातात गुलाबी. त्यांचं चुकलं कुठे?

सहा वाजून गेलेत. बाहेर रिक्षांचा गलका वाढलाय, स्टेशनकडून कर्णा ऐकू येतो. मामा मनगट वळवून घड्याळ बघतात. कोयना असावी. मान किंचित हलते, वेळेत आहे की उशिरा ते त्यांनाच कळलेलं असतं.

येताना गाडीत मी फोनवर वाचत होतो. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने आपल्याकडे स्प्रिंट इंडिया नावाचा मोठा प्रयोग झाला. ३१ केंद्रं, १२ भाषा, पहिलाच झटका येऊन गेलेले ४२९८ रुग्ण. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर मोबाइलवर संदेश, छोटे व्हिडिओ आणि एक वही. वर्षभरात दुसरा झटका, हृदयविकार, मृत्यू हे सगळं मोजलं आणि दोन गटांत फरक दिसेना, म्हणून प्रयोग मुदतीआधीच थांबवला. निष्कर्ष २०२३ साली छापून आले. पण त्यातच हेही आहे की संदेश मिळालेल्या गटात गोळ्या नियमित घेण्याचं प्रमाण चांगलं राहिलं. मी ते दोनदा वाचलं. गोळ्या जास्त नीट घेतल्या, आणि तरी वर्षभरात झटके तेवढेच. वर्ष कमी पडलं, की हे रुग्ण मुळातच मोठ्या केंद्रांत नीट उपचार मिळणारे होते, यावर जाणकार बोलतील. मला त्यातली वही आवडली. मोबाइलच्या प्रयोगातसुद्धा कुणाला तरी वही लागली.

इथेही वही आहे. मामांच्या खुर्चीच्या डाव्या हाताशी, दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीसकट. ती कशी आली ते मामी भाकरीचं पीठ मळता मळता सांगते.

गणपतीतली गोष्ट. मामीने आठला गोळी दिली, टिक केली. पण फोनचा रिचार्ज संपलेला, टिक बंगळूरला पोचलीच नाही. तिकडे ताईच्या फोनवर 'चुकली' असं आलं. ती फोन करत राहिली, मामी आरतीत. शेवटी ताईने शेजारच्या पोराला फोन लावला. पोरगा गुणी. धावत आला, डब्यातून गोळी काढली, मामांच्या ओठाशी नेली. मामांनी दात मिटून घेतले. लाइन क्लियर, लाइन क्लियर, लाइन क्लियर. पोराला वाटलं नको म्हणतायत. त्याने लाडीगोडी सुरू केली. एवढ्यात मामी आली म्हणून दुसरी गोळी पोटात गेली नाही.

"आणि हे खरंच सांगत होते रे," मामी म्हणते. "गाडी गेली म्हणून सांगत होते. आम्हाला कळंना."

त्या रात्री मामांनी डाव्या हाताने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन आकडे काढले आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. परत दोन आकडे, परत रेघ. मामीला वाटलं सराव करतायत. ताईला व्हिडिओवर दाखवलं. ताई रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. ती लगेच म्हणाली, "अगं, बाबा प्रायव्हेट नंबर मागतायत."

दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर एकमेकांशी बोलतात, पण नुसतं 'हो, ठीक' म्हटल्याने रेल्वेत काही होत नाही. प्रत्येकाकडे दोन आकडी नंबरांचा छापील तक्ता असतो. निरोप मिळाला की आपल्या तक्त्यातला पुढचा नंबर द्यायचा, समोरच्याने तो वहीत लिहायचा, आणि वापरलेला नंबर खोडून टाकायचा. म्हणजे उद्या कुणी म्हणालं मला निरोप मिळालाच नव्हता, तर नंबर बोलतो. मामांचं म्हणणं इतकंच होतं. टिक म्हणजे 'हो, ठीक'. नंबर कुठाय?

मग तिघांनी मिळून ठरवलं. गोळी पोटात गेल्यावर पाकिटात किती उरल्या ते मामा मोजणार, वहीत लिहिणार. मामी तो आकडा ताईला कळवणार. ताईने उलट म्हटला की मामा खोडणार. खरं बघता हा नंबर गुप्त नाहीच. कालच्यातून वजा केलं की आजचा आला. पण खोटा सांगायचा तरी आधी मोजावं लागतं, आणि मोजताना खरं काय ते कळतंच.

मी वही उघडतो. डाव्या हाताचे आकडे. पहिल्या पानावर आठाचा शेंडा कागदाबाहेर गेलेला, पाच उलटा पडलेला. पुढे ओळीत यायला लागलेत. प्रत्येक आकड्यावर रेघ, आणि रेघ मात्र पहिल्या दिवसापासून सरळ. शेवटचा आज सकाळचा, ७. त्यावरही रेघ.

मामी तव्यावर भाकरी टाकते. लसणाचा वास सुटलाय. मी ताटं घेतो. टीव्हीवर बातम्या, मामा त्याकडे बघत नाहीत. मनगटाकडे बघतात.

"लाइन क्लियर."

"थांबा की, एवढी भाकरी होऊ दे," मामी पाठमोरीच म्हणते.

थोड्या वेळाने परत. या वेळी खुर्चीच्या हातावर थाप. मी पाण्याचा तांब्या पुढे करतो. नको. उशी सरळ करतो. नको. मामा डावा हात उचलून ओट्याकडे दाखवतात, पातेल्याकडे.

"वाजेल, मामा. मी दुरुस्त केलाय."

मामा माझ्याकडे बघतात ते ज्युनियर पॉइंट्समनकडे बघावं तसं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकतो. आठ वाजून तेरा. पातेलं गप्प आहे. मामी तव्यावरून भाकरी काढते, तिचंही घड्याळाकडे लक्ष नाही. का असावं? फोन आला तेव्हापासून तिने घड्याळाकडे बघणं सोडलंय. तिची एक चिंता फोनने घेतली, आणि ती चिंता वाहण्याची सवयही घेतली.

आठ-वीसला पातेलं वाजतं, पण गोळीसाठी नाही. ताईचा व्हिडिओ कॉल.

"आई, नंबर आला नाही."

"गोळीच कुठे झालीय अजून? हा वाजलाच नाही."

"असं कसं? माझ्याकडे हिरवी खूण आहे. पाच-दहाची." ती फोनच्या जवळ येते, कपाळ सगळ्या पडद्यावर. "पाच-दहाला कोण देईल? दादा, तू काही दाबलंस का?"

माझ्या हातात ताट आहे. ते कुठे ठेवावं ते मला सुचत नाही. वाजतो का बघायला वेळ अलीकडे ओढली, वाजला म्हणून 'घेतली' दाबलं, आणि ॲपने इमानेइतबारे आजच्या संध्याकाळची गोळी झाली म्हणून लिहून घेतलं. आता आठला ते कशाला वाजेल? साडेआठला बंगळूरला तरी कशाला कुरकुरेल? त्याच्या हिशेबी माणूस सुरक्षित आहे. मी उघडून बघतो. शिल्लक गोळ्या, ६.

"पाकिटात सात आहेत," मामी पाकीट उजेडाला धरून म्हणते.

"लाइन क्लियर," मामा म्हणतात. हे नेमकं काय ते आता मलासुद्धा कळतं.

मामी फोन पातेल्यासकट मामांच्या डाव्या अंगाला टेबलावर ठेवते, पाकीट त्यांच्या हातात देते आणि बाजूला होते. मदत करायची नाही असं फिजिओच्या मुलीने सांगितलंय. मामा पाकीट टेबलाच्या कडेवर आडवं धरतात, अर्धं बाहेर. अंगठा फुगवट्यावर टेकतो. दाबतात. पत्रा फाटत नाही. परत दाबतात. नखाखाली पांढरं पडतं. चौथ्या वेळी फट्‌ आवाज होतो आणि गुलाबी गोळी टेबलावर पडून उजवीकडे घरंगळते, म्हणजे त्यांच्या दृष्टीने जगाबाहेर जाते. मी पुढे होतो. मामी माझा हात धरते. मामा मान सावकाश उजवीकडे वळवतात, आणखी वळवतात, गोळी दिसते. बोटांनी ओढत आणतात. जिभेवर. पाण्याचा घोट. हनुवटी छातीकडे, मग गिळणं. असं खाली मान घालून गिळायला त्यांना दोन महिने शिकवलंय.

"आऽ करा," मामी म्हणते.

ती उजव्या गालाच्या आतून बोट फिरवते. त्या गालाला पुरतं कळत नाही. एकदा गोळी तिथेच बसून राहिली होती, टिक झालेली, पाणी प्यायलेलं, आणि सकाळी उशीवर गुलाबी डाग.

"गेली," मामी म्हणते.

मग मामा मोजतात. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. भरलेला फुगवटा, रिकामा खळगा. अंगठा प्रत्येकावर थांबतो, ओठ हलतात, आवाज नाही. पेन्सिल उचलतात. कागदावर ६ उमटतो, पोट जरा मोठं.

"सहा," मामी फोनमध्ये म्हणते.

"सहा," बंगळूरहून येतं.

मामा आकड्यावर रेघ मारतात. सरळ.

आता पाकिटातही सहा आणि ॲपमध्येही सहा. ॲप चुकीचं नव्हतं म्हणायचं, नुसतं तीन तास आगाऊ चाललं होतं. हा विनोद मी ताईला सांगतो. ती हसत नाही. उद्या सकाळी आठला तो वाजतो की नाही ते एकदा बघून घे, एवढं म्हणते.

"आत्ताच बघतो," मी म्हणतो आणि फोनकडे हात नेतो.

मामांचा डावा हात आधी पोचतो. फोन ते पातेल्यासकट आपल्याकडे ओढून घेतात.